जुना डीमन नव्या युनिक्सवर: टर्मिनलची नाळ नेमकी कुठे कापायची

प्रश्न थोडक्यात असा. युनिक्सच्या ४.३ बीएसडी या आवृत्तीच्या काळात, म्हणजे १९८६ च्या आसपासच्या शैलीत लिहिलेला एक डीमन, म्हणजे टर्मिनलपासून सुटून मागे चालत राहणारा सर्व्हर प्रोग्राम, लिनक्सवर आणायचा आहे. त्यात सुरुवातीला फोर्क() (प्रोसेसची प्रत काढणारा कॉल; मूळ प्रोसेस बाप, प्रत मुलगा), मग प्रोसेसचा ग्रुप ठरवणारा दोन आर्ग्युमेंटांचा सेटपीजीआरपी(), मग /डेव्ह/टीटीवाय, म्हणजे प्रोसेसचं स्वतःचं टर्मिनल, उघडून ते सोडण्यासाठी त्यावर टीआयओसीनॉटीटीवाय हा आयॉक्टल (डिव्हाइसला दिलेली खास आज्ञा). लिनक्सवर सेटपीजीआरपी()पाशी कंपायलर अडतो, आर्ग्युमेंटं जास्त आहेत म्हणतो. ती काढून टाकली की कंपाइल होतं आणि प्रोग्राम चालतोही. पण कधी लॉगआउट केल्यावर मरतो, कधी एसएसएचवरून सुरू केला की एसएसएच परतच येत नाही. या ओळींच्या जागी काय लिहायचं?

एका शब्दात उत्तर हवं असेल तर सेटसिड(), म्हणजे नवं सेशन सुरू करणारा कॉल. पण त्याने सगळे धागे तुटत नाहीत. प्रोसेस टर्मिनलला तीन वेगवेगळ्या धाग्यांनी बांधलेली असते: तिचं सेशन (साधारणपणे एका लॉगिनमधल्या सगळ्या प्रोसेस) आणि त्या सेशनचं कंट्रोलिंग टर्मिनल (ज्याच्याकडून कंट्रोल-सीसारखे सिग्नल येतात), तिचा प्रोसेस ग्रुप (एका जॉबमधल्या प्रोसेस), आणि तिच्या हातात उघडे असलेले फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक). जुन्या कोडमधली प्रत्येक ओळ यातला एखादा धागा, तोही त्या काळच्या कर्नलपुरता, तोडत होती. पोर्ट करताना, म्हणजे कोड नव्या सिस्टिमवर आणताना, कोणती ओळ कोणता धागा तोडत होती हे आधी ओळखायचं आणि मगच बदलायचं. नाहीतर कंपायलर गप्प होतो आणि दोष प्रोडक्शनमध्ये बोलतो.

आर्ग्युमेंटं काढल्याने काय बिघडलं

बीएसडीचा सेटपीजीआरपी() दोन आर्ग्युमेंटं घेतो: कोणती प्रोसेस आणि कोणता ग्रुप. सिस्टिम पाच या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेतला त्याच नावाचा कॉल एकही घेत नाही आणि काम वेगळंच करतो. तो नवा ग्रुप तर बनवतोच, शिवाय कंट्रोलिंग टर्मिनलही सोडवतो. सोलारिसवर आजही त्याचा अर्थ हाच आहे: प्रोसेस आधीच सेशन लीडर (सेशन सुरू करणारी प्रोसेस) नसेल तर तिला सेशन लीडर करणं. लिनक्सच्या सी लायब्ररीत सहीपुरती सिस्टिम पाचची पद्धत आहे, पण आत फक्त सेटपीजीआयडी(०, ०) होतं. नवा ग्रुप मिळतो, सेशन जुनंच राहतं, टर्मिनलही तसंच.

त्यामुळे बीएसडीतून आलेला कोड निदान कंपाइलच्या वेळी ओरडतो. सिस्टिम पाचमधून आलेला कोड लिनक्सवर एकाही वॉर्निंगशिवाय कंपाइल होतो, चालतो, आणि टर्मिनलला चिकटलेलाच राहतो. दोघांत मला हा दुसरा जास्त धोकादायक वाटतो. एचपी-यूएक्स किंवा सोलारिसवरून सोर्स आणत असाल तर पहिल्याच दिवशी सगळ्या फाइलींत सेटपीजीआरपी शोधा. टर्मिनल सोडण्यासाठी वापरलेला प्रत्येक कॉल सेटसिड() करा आणि फक्त ग्रुप बदलण्यासाठी वापरलेला सेटपीजीआयडी(). सेटपीजीआरपी हे नाव कोडमध्ये उरूच देऊ नका. फ्रीबीएसडीवर त्याला आजही दोन आर्ग्युमेंटं लागतात, त्यामुळे दोन्हीकडे चालणारा कोड त्या नावाने लिहिताच येत नाही.

टीआयओसीनॉटीटीवाय अजून चालतो, म्हणूनच फसवतो

लिनक्सवर हा आयॉक्टल आहे, आणि सेशन लीडर नसलेल्या प्रोसेसने तो केला तर ती कंट्रोलिंग टर्मिनल खरंच सोडते. नंतर /डेव्ह/टीटीवाय उघडायला गेलात तर ईएनएक्सआयओ (असं डिव्हाइस नाही) ही एरर मिळते. मग लोक समजतात की काम झालं.

झालेलं नसतं. प्रोसेस अजूनही जुन्या सेशनमध्ये आणि जुन्याच प्रोसेस ग्रुपमध्ये असते. कंट्रोल-सी दाबल्यावर कर्नल टर्मिनलच्या फोरग्राउंड ग्रुपकडे (सध्या टर्मिनल वापरत असलेल्या ग्रुपकडे) बघतो आणि त्या ग्रुपातल्या सगळ्यांना सिगइंट हा थांबण्याचा सिग्नल पाठवतो. कोणी टर्मिनल सोडलं आहे याची तो चौकशी करत नाही. समजा एक शेल स्क्रिप्ट तुमचा डीमन सुरू करते आणि पुढे दुसरं काही काम करत राहते. स्क्रिप्टमधून चालवलेल्या प्रोग्रामला साधारणपणे स्क्रिप्टचाच ग्रुप मिळतो. कोणी कंटाळून कंट्रोल-सी दाबलं की स्क्रिप्टबरोबर डीमनही जातो. शेल गेल्यावर फोरग्राउंड ग्रुपला सिगहप हा टर्मिनल गेल्याचा जो सिग्नल मिळतो, त्याचंही तेच.

उलट, हाच कॉल सेशन लीडरने केला तर परिणाम बराच मोठा होतो: फोरग्राउंड ग्रुपला सिगहप आणि सिगकॉन्ट (पुढे चालू करा) जातात आणि सेशनमधल्या सगळ्याच प्रोसेसचं टर्मिनल सुटतं. एका ओळीचे दोन अर्थ, आणि कोणता लागू होईल हे तुम्हाला सुरू कोणी केलं त्यावर अवलंबून. ही ओळ सरळ काढून टाका.

मूळ लेखकाने सेटपीजीआरपी(०, गेटपीआयडी()) का लिहिलं होतं, हेही सांगतो, म्हणजे ते काढताना हात कापणार नाहीत. ४.३ बीएसडीत ज्या प्रोसेसचा ग्रुप क्रमांक शून्य असे, तिने कोणतंही टर्मिनल उघडलं की ते तिचं कंट्रोलिंग टर्मिनल होई. स्वतःचा वेगळा ग्रुप असणं हा त्यावरचा बचाव होता. १९८८ च्या पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणात सेशन ही कल्पना आली आणि हे सगळं सेटसिड()मध्ये गोळा झालं: नवं सेशन, नवा ग्रुप, टर्मिनल नाही.

सेटसिड()आधी फोर्क() का

ग्रुप लीडर असलेल्या प्रोसेसला, म्हणजे जिचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) हाच ग्रुपचा क्रमांक असतो तिला, सेटसिड() करता येत नाही, ईपर्म (परवानगी नाही) ही एरर येते. तुम्ही परस्परसंवादी शेलमध्ये प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर मारता तेव्हा शेल त्या जॉबसाठी नवा ग्रुप बनवतो आणि तुमचा प्रोग्राम त्या ग्रुपाचा लीडर असतो. म्हणजे हाताने चालवलं तर सेटसिड() हमखास फसणार. स्क्रिप्टमधून चालवलं तर ग्रुप स्क्रिप्टचा असतो, त्यामुळे चालणार. आधी फोर्क() केला की मुलाचा पीआयडी नवा आणि ग्रुप बापाचा, तेव्हा तो लीडर असूच शकत नाही.

परत आलेली किंमत तपासा. सेटसिड() उणे एक देत असेल आणि तुम्ही बघतच नसाल, तर टेस्टमध्ये सगळं हिरवं दिसेल, कारण टेस्ट स्क्रिप्टमधून चालतात.

फोर्क()नंतर बापाने एक्झिट() नाही, _एक्झिट() करायचं. एक्झिट() केलं तर स्टँडर्ड आयओच्या बफरमध्ये अडकलेला मजकूर बाप लिहितो, पुढे कधीतरी मुलगाही लिहितो, आणि लॉगमध्ये तीच ओळ दोनदा दिसते. अटएक्झिटने नोंदवलेली साफसफाईही बापाकडून होऊन जाते. मुलगा वापरणार असलेली तात्पुरती फाइल बाप जाताजाता पुसून टाकतो, हा त्यातला नेहमीचा प्रकार.

दुसरा फोर्क()

सेटसिड()नंतर प्रोसेस सेशन लीडर असते आणि तिला टर्मिनल नसतं. सिस्टिम पाचच्या नियमाप्रमाणे अशा प्रोसेसने कुणाच्याही ताब्यात नसलेलं टर्मिनल उघडलं की ते तिला चिकटतं. लिनक्स हाच नियम पाळतं. बीएसडी घराण्यात त्यासाठी टीआयओसीएससीटीटीवाय हा आयॉक्टल मुद्दाम करावा लागतो, म्हणून तिथून आलेल्या कोडमध्ये दुसरा फोर्क() बहुधा नसतोच आणि कधी अडलेलंही नसतं.

टर्मिनल आपला प्रोग्राम कशाला उघडेल, असं वाटत असेल तर सीरियल पोर्टचं उदाहरण घ्या. डीमन एका वजनकाट्याला किंवा कार्ड रीडरला सीरियल पोर्टवरून जोडलेला आहे. अशी कितीतरी यंत्रं आपली फ्रेम ०२ या बाइटने सुरू करतात आणि ०३ ने संपवतात. सीरियल पोर्ट हे कर्नलच्या लेखी टर्मिनलच. सेशन लीडर राहिलेल्या डीमनने तो उघडला की ते त्याचं कंट्रोलिंग टर्मिनल होतं आणि त्याचा ग्रुप फोरग्राउंड ग्रुप होतो. पोर्ट कच्च्या मोडमध्ये (कोणत्याही बाइटला खास अर्थ न देणाऱ्या) टाकण्याआधी पहिली फ्रेम आली तर शेवटचा ०३ हा बाइट म्हणजे कंट्रोल-सी. कर्नल इमानदारीने सिगइंट पाठवतो आणि डीमन मरतो. लॉगमध्ये काहीच नाही. यंत्र आधीपासून चालू असेल तेव्हाच हे घडतं, नंतर जोडलं तर घडत नाही, त्यामुळे केबलवर संशय घेण्यात दिवस जातात. मोडेमच्या बाबतीत कॅरिअर (लाइन जोडलेली असल्याचा सिग्नल) गेला आणि सीलोकल हा त्याकडे दुर्लक्ष करायचा फ्लॅग लावलेला नसला की सिगइंटच्या जागी सिगहप येतो, बाकी गोष्ट तीच.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. दुसरा फोर्क() करून सेशन लीडर असलेल्या मधल्या प्रोसेसला निरोप द्या. उरलेली नातवंड प्रोसेस लीडर नसल्यामुळे तिला टर्मिनल चिकटू शकत नाही. आणि टर्मिनल असू शकेल अशी कोणतीही डिव्हाइस फाइल उघडताना ओ_नोसीटीटीवाय (हे माझं कंट्रोलिंग टर्मिनल करू नका) हा फ्लॅग द्या. नुसत्या फ्लॅगवर विसंबायला माझा विरोध आहे, कारण तिसऱ्याच कोणाच्या लायब्ररीतला ओपन() तुमच्या हातात नसतो.

काही जुन्या सिस्टिम पाच आवृत्त्यांत लीडर गेल्यावर त्याच्या ग्रुपातल्यांना सिगहप जाण्याची शक्यता असे, म्हणून जुन्या कोडमध्ये दुसऱ्या फोर्क()आधी सिगहपकडे दुर्लक्ष करायची ओळ दिसते. लिनक्सवर टर्मिनल नसलेला लीडर गेला तर असं काही होत नाही. ओळ राहिली तरी बिघडत नाही, फक्त नंतर सिगहपचा खरा हँडलर लावायला विसरू नका.

डिस्क्रिप्टर: सर्वांत जास्त तक्रारी इथल्या

सेटसिड() झालं, दुसरा फोर्क() झाला, तरी डिस्क्रिप्टर ०, १ आणि २ (इनपुट, आउटपुट आणि एरर) अजून त्याच टर्मिनलवर उघडे आहेत. सेशन बदलल्याने उघडी फाइल बंद होत नाही.

यातून एक मजेशीर दोष निघतो. बॅकग्राउंडमधली प्रोसेस आपल्या कंट्रोलिंग टर्मिनलवरून वाचायला गेली तर कर्नल तिला सिगटीटीइन हा सिग्नल देऊन थांबवतो. पण हा पहारा फक्त स्वतःच्या कंट्रोलिंग टर्मिनलपुरता असतो. सेटसिड()नंतर ते टर्मिनल तुमचं राहिलेलं नाही, म्हणून पहाराही नाही. डिस्क्रिप्टर ० वरून वाचलंत तर वाचलं जातं! मग शेल आणि डीमन एकाच कीबोर्डवर झडप घालत बसतात. वापरणारा कमांड टाइप करतो, त्यातली काही अक्षरं किंवा अख्खी ओळच गायब. खिडकी बंद झाली की वाचल्यावर ० बाइट येतात आणि लिहिल्यावर ईआयओ ही एरर. फाइल संपली हे न तपासणारा वाचनाचा लूप इथे एक कोअर शंभर टक्के खाऊन बसतो.

एसएसएच परत न येण्याचं कारणही हेच. टर्मिनल न मागता एसएसएचवरून कमांड चालवली की दूरच्या बाजूला तिचे १ आणि २ हे डिस्क्रिप्टर पाइपला किंवा सॉकेटला जोडलेले असतात. एसएसएच त्या पाइपचं लिहायचं टोक सगळ्यांनी बंद करेपर्यंत वाट बघतं. डीमनने ते धरून ठेवलं तर बाप केव्हाच संपला असला तरी एसएसएच बसून राहतं. शेलमध्ये डीमन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचं आउटपुट टी कमांडकडे वळवलं, किंवा डॉलर-कंसात घेऊन व्हेरिएबलमध्ये भरलं, तरी असंच अडकतं. कंट्रोलिंग टर्मिनलचा इथे काही संबंध नाही, तरी दोष नेहमी त्याच्यावर येतो.

मग तिन्ही बंद करून टाकावेत? अजिबात नाही. युनिक्स नवी फाइल सर्वांत लहान मोकळ्या क्रमांकावर उघडतं. ०, १, २ मोकळे सोडलेत आणि पुढे डेटाबेसची फाइल उघडली तर तिला २ हा क्रमांक मिळू शकतो. त्यानंतर कुठल्या तरी लायब्ररीने चुकीचा संदेश स्टँडर्ड एररवर लिहिला, की तो थेट डेटाबेस फाइलमध्ये, त्या वेळी ऑफसेट असेल तिथे. म्हणून /डेव्ह/नल (लिहिलेलं सगळं गिळणारं रिकामं डिव्हाइस) वाचण्या-लिहिण्यासाठी उघडा, डप२() करून तिन्ही क्रमांकांवर बसवा, आणि मूळ क्रमांक २ पेक्षा मोठा असेल तरच तो बंद करा. ही शेवटची अट विसरली जाते: आधीच कोणी ० बंद करून ठेवला असेल तर /डेव्ह/नललाच ० मिळतो आणि डोळे झाकून केलेला क्लोज() स्वतःचंच काम पुसतो. चेंजरूटमध्ये (प्रोग्रामला एका डिरेक्टरीपुरतं कोंडल्यावर) किंवा छोट्या एम्बेडेड सिस्टिमवर /डेव्ह/नल नसण्याचीही शक्यता असते. चेंजरूट करण्याआधी उघडून ठेवा.

बाकीचे वारशाने आलेले डिस्क्रिप्टरही बंद करायचे. जुना कोड ३ पासून कमाल मर्यादेपर्यंत लूप फिरवतो. मर्यादा ६४ किंवा २५६ होती तेव्हा हे ठीक होतं. आज काही कंटेनरांत ती १०,४८,५७६ असते, काही ठिकाणी शंभर कोटींच्याही वर. एवढे क्लोज() होईपर्यंत डीमन सुरूच झाला नाही असं वाटतं. लिनक्स ५.९ पासून क्लोज_रेंज() आहे, जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून क्लोजफ्रॉम() आहे. सोलारिस आणि बीएसडींवर क्लोजफ्रॉम() पूर्वीपासूनच होता. दोन्ही नसतील तर /प्रॉक/सेल्फ/एफडी वाचा. तेही नसेल तरच लूप. ही निवड कन्फिगर स्क्रिप्टने फंक्शन आहे की नाही हे तपासून करावी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून नको.

क्रम चुकला की

नावं सगळी बरोबर, क्रम चुकीचा, असे दोष शोधायला सर्वांत अवघड. म्हणून हा भाग जरा सावकाश.

कुलूप. बरेच डीमन पीआयडी फाइलवर कुलूप लावतात, दुसरी प्रत सुरू होऊ नये म्हणून. फंटल() ने लावलेलं कुलूप प्रोसेसच्या मालकीचं असतं, फोर्क()मध्ये मुलाकडे जात नाही, आणि बाप संपला की सुटतं. फ्लॉक()चं कुलूप उघड्या फाइलच्या नोंदीला चिकटलेलं असतं, त्यामुळे मुलाकडे येतं. बीएसडीवरच्या कोडने फ्लॉक() वापरून फोर्क()आधी कुलूप लावलं असेल तर तिथे चाललं. पोर्ट करताना कोणी ते फंटल()मध्ये बदललं, की दोन प्रती सुखाने एकाच वेळी चालतात. एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर तर न बदलताही हे घडू शकतं, कारण लिनक्स २.६.१२ पासून एनएफएसवरचा फ्लॉक() आत फंटल()सारखाच हाताळला जातो. कुलूप शेवटच्या फोर्क()नंतर लावा. पीआयडीही तेव्हाच लिहा, आधी लिहिलेला आकडा मेलेल्या आजोबाचा असतो.

थ्रेड. फोर्क()नंतर मुलात फक्त फोर्क() करणारा थ्रेड उरतो. बाकीच्यांनी धरलेली म्युटेक्सं (थ्रेडमधली कुलपं) मात्र धरलेलीच राहतात. जुन्या कोडमध्ये थ्रेड नव्हते, पण नव्या सिस्टिमवर जोडलेली एखादी लायब्ररी मेन()च्या आधीच थ्रेड सुरू करू शकते. म्हणून टर्मिनलपासून सुटका अगदी सुरुवातीला करा. बीएसडी आणि मॅकवर केक्यू या इव्हेंटची वाट बघण्याच्या सोयीचा डिस्क्रिप्टर फोर्क()मधून मुलाकडे जात नाही; लिनक्सवरची तशीच सोय असलेल्या ईपोलचा जातो. इव्हेंट लूप फोर्क()आधी बनवला तर एकीकडे चालेल, दुसरीकडे चुकीच्या डिस्क्रिप्टरची एरर येईल.

पासफ्रेज. गेटपास()सारखी फंक्शनं /डेव्ह/टीटीवाय उघडून विचारतात. सुटकेनंतर ते उघडणार नाही, म्हणून किल्लीचा पासवर्ड आधी विचारा.

डिरेक्टरी. चेंजडिर करून / वर जायचं, नाहीतर डीमन जिथून सुरू केला ती फाइलसिस्टिम अनमाउंट होत नाही, ईबिझी येतो. पण त्याआधी कमांड लाइनवरून आलेले सापेक्ष पाथ पूर्ण करून घ्या. नाहीतर सुरुवात व्यवस्थित होते आणि महिन्याभराने कोणी कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला सिगहप पाठवतं तेव्हा फाइल सापडत नाही.

युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या छाटणारा आकडा) जुन्या कोडमध्ये ० असतो. मी ०२७ ठेवा म्हणेन आणि जिथे वेगळी परवानगी हवी तिथे स्पष्ट द्या.

बापाने लगेच ० परत देऊन संपणं हीही जुनी खोड. नेटवर्क पोर्ट व्यापलेला असल्याने डीमन पुढच्या क्षणी मेला, तरी सुरू करणाऱ्या स्क्रिप्टला यश दिसतं. फोर्क()आधी एक पाइप बनवा. बाप आणि मधली प्रोसेस आपापलं लिहायचं टोक बंद करतात, बाप वाचत थांबतो. नातवंड सगळं उभं राहिल्यावर एक बाइट लिहून टोक बंद करतं. बाइट आला तर बाप ० देऊन जातो. काहीच न येता पाइप बंद झाला तर १ देऊन. बाकीचे डिस्क्रिप्टर झाडून बंद करताना हे टोक वगळा, आणि त्याला क्लोज-ऑन-एक्झेक लावा, म्हणजे डीमनने पुढे चालवलेला दुसरा एखादा प्रोग्राम ते धरून बसणार नाही.

तयार डीमन() फंक्शन

४.४ बीएसडीपासून आलेलं डीमन() जीलिबसीतही आहे आणि छोट्या कामाला पुरतं. पण ते पॉसिक्समध्ये नाही. जीलिबसीतलं डीमन() एकदाच फोर्क() करतं, म्हणजे वर सांगितलेला सीरियल पोर्टचा धोका कायम. मॅकवर १०.५ पासून ते वापरू नका अशी वॉर्निंग येते. तुमच्या प्रोग्रामला पाच-सहा सिस्टिमवर जायचं असेल तर स्वतःचे पन्नास-साठ ओळींचे फंक्शन लिहिणं परवडतं.

मेमरी मॅनेजमेंट युनिट नसलेल्या प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये फोर्क() नसतोच, फक्त व्हीफोर्क() असतो आणि त्याच्या मुलाला एक्झेक किंवा _एक्झिट() यापलीकडे काही करायची मुभा नाही. तिथे प्रोग्रामने स्वतःलाच एक खास फ्लॅग देऊन पुन्हा एक्झेक करायचं आणि त्या नव्या प्रतीने सेटसिड() करायचं. विंडोजवर ही कल्पनाच लागू होत नाही. तिथे सर्व्हिस लिहा.

मुळात सुटका करायचीच का

हा प्रश्न पोर्ट करणाऱ्याने आधी विचारावा. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी प्रणाली) प्रोग्राम सुरू करतं तेव्हा सेशन नवं असतं, टर्मिनल नसतं, डिस्क्रिप्टर जागेवर लावलेले असतात. वर सांगितलेलं बहुतेक काम झालेलंच असतं. अशा वेळी प्रोग्रामने स्वतः फोर्क() केला आणि युनिट फाइलमध्ये प्रकार सिंपल असला, तर पहिली प्रोसेस संपताच सिस्टिमडी सर्व्हिस संपली असं धरतं आणि मागे उरलेल्यांना मारतं. प्रकार फोर्किंग द्यावा लागतो, पीआयडी फाइलही सांगितलेली बरी. मॅकचा लाँचडी तर स्पष्टच सांगतो की स्वतःहून डीमन बनू नका. बनलात तर प्रोग्राम पडला असं समजून तो पुन्हा सुरू करत राहतो. कंटेनरमध्ये पीआयडी १ असलेला प्रोग्राम फोर्क() करून बापाला संपवतो तेव्हा कर्नल त्या नेमस्पेसमधल्या सगळ्यांनाच सिगकिल देतो.

तेव्हा फोरग्राउंडमध्ये राहण्याचा एक फ्लॅग द्याच, आणि माझ्या मते नव्या पोर्टमध्ये तोच डिफॉल्ट असावा. सुटका मागितली तरच.

जुन्या कोडमध्ये यासाठी एक युक्ती सापडते: गेटपीपीआयडी() १ आला तर आपल्याला इनिटने, म्हणजे सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसने, सुरू केलं आहे, सुटका टाळा. ही ओळ काढा. कंटेनरमध्ये पीआयडी १ ने सुरू केलेल्या कुठल्याही साध्या प्रोग्रामचा बाप १ असतो. आणि लिनक्स ३.४ पासून सबरीपर (अनाथ प्रोसेस आपल्याकडे घेणारी दुसरी प्रोसेस) ही सोय असल्यामुळे अनाथ प्रोसेस १ कडेच जाईल याचीही खात्री नाही. दोन्ही बाजूंनी अंदाज चुकतो.

नोहप या कमांडबद्दलही गैरसमज आहे. नोहप फक्त सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावतं आणि आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर फाइलकडे वळवतं. सेशन तेच, कंट्रोलिंग टर्मिनलही तेच. प्रोग्रामचा सोर्स हाताशी नसेल तर लिनक्सवर सेटसिड ही कमांड -एफ देऊन वापरा, आणि तिन्ही डिस्क्रिप्टर शेलमध्येच वळवून द्या.

तपासणी

प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडला पीआयडी, पीपीआयडी (बापाचा क्रमांक), पीजीआयडी (ग्रुपचा), एसआयडी (सेशनचा), टीटीवाय आणि स्टॅट हे रकाने मागा. दोन फोर्क() नीट झाले असतील तर असं काही दिसेल: पीआयडी ४१२७, पीजीआयडी ४१२६, एसआयडी ४१२६, टीटीवायच्या जागी प्रश्नचिन्ह. मॅकवर दोन प्रश्नचिन्हं. पीआयडी आणि एसआयडी सारखे आले, स्टॅटमध्ये छोटा एस दिसला, तर प्रोसेस अजून सेशन लीडर आहे. एसआयडी तुमच्या शेलच्या पीआयडीशी जुळला तर सेटसिड() झालंच नाही.

पीएसवर भागत नसेल तर /प्रॉक मध्ये त्या पीआयडीची स्टॅट फाइल बघा: सहावं फील्ड सेशन, सातवं टर्मिनल. सातवं ० हवं. ३४८१९ दिसलं तर ते पीटीएस/३, कारण मेजर १३६ गुणिले २५६ अधिक ३. प्रोग्रामच्या नावात स्पेस असेल तर फील्ड मोजताना कंसानंतर मोजा, नाहीतर आकडे सरकतात. शेजारच्या एफडी डिरेक्टरीत ०, १, २ हे /डेव्ह/नलकडे बोट दाखवताना दिसले पाहिजेत, आणि कुठलाही अनोळखी पाइप नको.

त्यानंतर हाताने चार प्रयोग: एसएसएचवरून टर्मिनलशिवाय सुरू करून प्रॉम्प्ट लगेच परत येतो का, परस्परसंवादी शेलमधून आणि स्क्रिप्टमधून, दोन्हीकडून, स्क्रिप्ट चालू असताना कंट्रोल-सी, आणि टर्मिनलची खिडकी सरळ बंद करून. शेवटच्या प्रयोगानंतर लॉग वाचा. प्रोग्राम जिवंत आहे पण लॉगमध्ये त्याच सेकंदाला कॉन्फिगरेशन पुन्हा वाचल्याची नोंद आहे, असं असेल तर सिगहप पोचला. डीमन सिगहपचा अर्थ कॉन्फिगरेशन पुन्हा वाचा असा घेतात, तो केवळ टर्मिनलकडून तो कधी येणार नाही या भरवशावर. अशा वेळी पुन्हा एसआयडीच्या रकान्यापासून सुरुवात करा.